चिकटपट्टीचे तुकडे

चार बाय शंभरच्या रिलेत बॅटन घेणारी मुलगी जिथे उभी असते त्याच्या मागे, धावपट्टीवर, चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला असतो. जेमतेम वीतभर लांब, दोन बोटं रुंद. प्रेक्षकांतून तो दिसतही नाही. ती मान वळवून त्या तुकड्याकडेच बघत असते, मागून येणाऱ्या मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे किंवा हाताकडे नाही. मैत्रिणीचं पाऊल तुकड्यावर पडलं की हिने निघायचं, आणि निघायचं म्हणजे जीव तोडून. त्यानंतर मागे बघायचं नाही.

अमेरिकेतल्या उपनगरी सरकारी हायस्कूलच्या यशाची गोष्ट एरवी प्रवेशदालनातल्या काचेच्या कपाटापासून सुरू होते. चषक, ढाली, बारीक अक्षरातल्या पितळी पट्ट्या. त्या कपाटाकडे येऊच, पण आधी हा तुकडा, कारण खरी मेख तिथे आहे.

तुकडा कुठे लावायचा हे मोजपट्टीने ठरवत नाहीत, बुटांनी ठरवतात. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले धावायचे बूट, घालायचे, बॅटन-बदलाच्या पट्ट्याच्या सुरुवातीच्या रेषेपासून टाचेला चवडा लावत मागे मोजत जायचं. मुलींच्या संघात अठरा-वीस बूट, मुलांच्या संघात बावीस-चोवीस, हा झाला पहिला अंदाज. मग पूर्ण वेगात करून बघायचं. घेणारी निसटून पुढे गेली आणि देणारीचा हात पोचलाच नाही, तर तुकडा एक-दोन बूट जवळ आणायचा. देणारी तिच्या टाचांवर चढली, तर तो लांब सरकवायचा. सोपं वाटतं, पण फसगत इथेच होते. तुकडा हलवण्याआधी बघायचं असतं की घेणारी खरंच पूर्ण वेगात निघाली होती का. नवखी मुलगी बिचकत निघते, ‘बॅटन पोचेल ना’ या धास्तीने पहिली चार पावलं आखडती टाकते, देणारी तिला धडकते, आणि नवखा कोच तुकडा तीन बूट लांब नेतो. शर्यतीच्या दिवशी तीच मुलगी, अंगात वारं शिरल्यासारखी, खरोखर पूर्ण वेगात सुटते. मग बॅटन हवेत राहतं आणि संघ बाद होतो. दोष पळणाऱ्या मुलींचा नसतो, दहा दिवसांपूर्वी चुकीच्या कारणासाठी हलवलेल्या तुकड्याचा असतो. म्हणून जाणते कोच एका सरावात पूर्ण वेगाचे चार-सहाच बदल करून घेतात. दमलेल्या पायांवर बेतलेली खूण ताज्या पायांना खोटी पडते.

बॅटन-बदलाचा पट्टा पूर्वी वीस मीटरचा होता आणि त्याच्या अलीकडे दहा मीटर नुसता वेग घ्यायला मिळत. आता सगळा मिळून तीस मीटरचा पट्टा आहे. बॅटनचा हातबदल त्या तीस मीटरांत व्हायला हवा. मुलींचे पाय कुठे आहेत याच्याशी पंचांना देणंघेणं नाही, बॅटन कुठे आहे तेवढंच ते बघतात. पहिली वळणावर पळते, म्हणून बॅटन उजव्या हातात आणि अंग लेनच्या आतल्या कडेला. दुसरी डाव्या हातात घेते आणि लेनच्या बाहेरच्या कडेला उभी राहते. तिसरी पुन्हा उजव्या, चौथी डाव्या. कुणीच हात बदलत नाही आणि दोघी कधीच एकमेकींच्या मागे एका रेषेत येत नाहीत, त्यामुळे टाचांत पाय अडकत नाहीत. हात मागे करण्याची हाळी देणारीने द्यायची असते. आठ लेनमध्ये एकाच वेळी आठ जणी ‘स्टिक!’ ओरडल्या तर कोणती हाळी कुणाची ते कळत नाही, म्हणून हुशार संघ स्वतःचा वेगळाच शब्द ठरवतात. हाळी ऐकली की हात मागे, आणि तिथेच स्थिर. घेणारीचा हात बॅटन शोधत हलायला लागला की बदल फसलाच समजा. शोधायचं काम देणारीचं, तिला हात दिसतो.

हिशोब मांडला तर या खटाटोपाचं मोल कळतं. प्रत्येकी ११.२ सेकंदांत शंभर मीटर पळणारी चार मुलं घ्या. बेरीज ४४.८. चांगले बदल साधले तर हाच संघ ४२.८ च्या आत येतो, कारण तिघांना धावती सुरुवात मिळते. ही दोन सेकंदं कुणाच्याही पायांत नसतात. नशिबाने एखाद्या शाळेच्या वाट्याला विलक्षण धावपटू येतो. ही दोन सेकंदं मात्र मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता हाती चिकटपट्टीचा रोल घेऊन वाकलेल्या कोणत्याही शाळेला मिळवता येतात.

रोल बहुधा शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडून उसना आणलेला असतो, घोटे बांधायला वापरतात तो दीड इंची पांढरा. तो परत कधी जात नाही, हा वेगळा विषय.

आता त्याच शाळेच्या मागच्या बाजूला, विद्यार्थ्यांच्या गाड्या लावायच्या डांबरी अंगणात जाऊ. डांबरावर पांढऱ्या रंगाने अमेरिकन फुटबॉलचं अख्खं मैदान आखलेलं असतं, रेषा आणि ठिपके. हे मार्चिंग बँडचं, म्हणजे वाजवत चालत मैदानभर आकृत्या करणाऱ्या वाद्यवृंदाचं, मैदान. खरं मैदान फुटबॉलच्या संघाकडे असतं आणि तिथे शुक्रवारी रात्री सामन्याच्या मध्यंतरात तेवढी बँडला जागा मिळते. मध्यंतर बहुधा पंधरा मिनिटांचं, आधी ठरलं तर वीस.

बँडची चाल आठाला पाच अशी बेतलेली असते. आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचाचं, सव्वापाच फुटाच्या मुलीचंही आणि ट्यूबा हे अजस्र पितळी वाद्य वाजवणाऱ्या सहा फुटी मुलाचंही. आकृती बदलते त्या प्रत्येक जागेला प्रत्येकाचा एक ठिपका असतो आणि तो गळ्यात दोरीने अडकवलेल्या छोट्या वहीत लिहिलेला असतो: ‘बाजू एक, ३५ च्या रेषेच्या दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या सहा पावलं मागे.’ (हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीने जाणारी आखूड खुणांची ओळ; अशा दोन असतात.) सात-आठ मिनिटांच्या कार्यक्रमात असे ऐंशी-नव्वद ठिपके सहज होतात. हायस्कूलच्या मैदानावरचे हॅश मैदानाच्या रुंदीचे तीन सारखे भाग करतात, प्रत्येकी ५३ फूट ४ इंचांचा. साडेबावीस इंचांनी भागा: अठ्ठावीस पावलं आणि वर अर्ध्याला जरा कमी. कागदावर सगळे अठ्ठावीसच धरतात, आणि ही उरलेली फट कुणाला तरी गिळावी लागते. कॉलेजच्या स्टेडियमवर स्पर्धा असेल आणि तिथे हायस्कूलचे हॅश आखून दिलेले नसतील, तर पंचाईत मोठी, कारण कॉलेजचे हॅश मैदानाच्या मध्याला जास्त जवळ असतात. हॅशवरून मोजलेला प्रत्येक ठिपका तिथे चुकतो, आणि नेमकी वर्तुळं अंड्यासारखी दिसायला लागतात.

ठिपके पाठ झाले तरी आवाजाचा घोळ राहतोच. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. मागच्या कडेला वाजलेला ढोल पुढच्या कडेला ०.१४ सेकंदांनी पोचतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत अर्धा ठोकाच मुळात ०.१७ सेकंदांचा असतो. म्हणजे मागचा ट्रम्पेट पुढचं ऐकून वाजवायला लागला, तर प्रेक्षकांपर्यंत जाईपर्यंत तो जवळजवळ पूर्ण ठोका मागे पडतो: पुढचं त्याच्यापर्यंत यायला उशीर, त्याचं परत जायला उशीर. कान शाबूत असलेलं गुणी पोरच या सापळ्यात आधी सापडतं, कारण सोबत्याचं ऐकून जुळवून घ्यायची सवय त्याला वर्गातल्या सरावात लागलेली असते. मैदानावर ती सवय मोडावी लागते. नियम असा: डोळे पुढे, कान मागे. पुढच्या कडेला मरिंबा आणि झायलोफोन लावून बसलेला ताफा तर ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या, हातांकडे बघण्यापेक्षा मागून येणाऱ्या ढोलांचं ऐकतो. आणि ड्रम मेजर? पुष्कळदा तो मधल्या स्नेअर ढोलवाल्याच्या पायांकडे बघून हात चालवत असतो. सूत्रं कुणाच्या हातात आहेत ते दुरून दिसतं तसं नसतं.

याला कला म्हणायचं की व्यायाम, हा वाद टेक्सासने कागदोपत्री मिटवून टाकला आहे. तिथे शरद सत्रातला मार्चिंग बँड शारीरिक शिक्षणाच्या श्रेयांकाऐवजी चालतो. ऑगस्टच्या उन्हात वीस-पंचवीस पौंडांचा सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वळलेला ट्यूबा, खांद्यावर घेऊन मागे चालत गेलेल्या मुलाला त्यात नवल वाटणार नाही.

टेक्सासचं नाव आलंच आहे, तर तिथली व्यवस्था सांगायला हवी, कारण कला आणि खेळ एकाच काट्यावर तोलणारी ती आहे. १९१० साली टेक्सास विद्यापीठातून सुरू झालेली युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, फुटबॉलही चालवते, बँडच्या स्पर्धाही, एकांकिकाही. नियमही बरेचसे सामाईक. शाळेच्या वेळेबाहेर कोणत्याही उपक्रमाचा सराव आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. नव्वद ठिपक्यांच्या कार्यक्रमाला दर ठिपक्यामागे आठवड्याची जेमतेम सव्वापाच मिनिटं पडतात, आणि त्यातच गरमावणं, पाणी, वाद्यं काढणं-ठेवणं. पाणी प्यायला सोडलेली शंभर पोरं दोन मिनिटांत परत जागेवर येतात की सहा मिनिटांत, यावर ऑक्टोबरचा निकाल ठरतो असं म्हटलं तर ते वाटतं तितकं अतिशयोक्त नाही.

दुसरा नियम १९८४ चा, ‘नापास तर खेळ नाही’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा. एका जरी विषयात सत्तरपेक्षा कमी गुण पडले, तर मूल स्पर्धेत उतरू शकत नाही. सराव करू शकतं. वर्षातली पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते आणि निकालानंतर सात दिवसांनी बंदी लागू होते. तारखा बघा: ऑगस्टच्या मध्याला शाळा सुरू, सहा आठवडे संपतात ते सप्टेंबरच्या अखेरीस, आणि बँडच्या स्पर्धा ऑक्टोबरमध्ये. फुटबॉलच्या संघात बाकावर राखीव मुलं बसलेली असतात. बँडमध्ये गणितात ६८ गुण पडलेल्या ट्रॉम्बोनचा ठिपका रिकामाच राहतो, आणि तिरप्या रेषेतली एक रिकामी जागा परीक्षकांना पडलेल्या दातासारखी दिसते. दोन्ही बाजूंच्या मुलांना अंतर ताणून ती बुजवा म्हणणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग त्या दोघांचे ठिपके बिघडतात, आणि त्यांच्या शेजाऱ्यांचेही. बरे बँड ऑगस्टपासूनच काही मुलांना दोन-दोन वह्या देऊन ठेवतात. त्याहून बरे बँड सप्टेंबरमध्ये दर आठवड्याला गुण तपासून शिकवण्या लावतात. बँडच्या खोलीत वाद्यांच्या कपाटांशेजारी गणिताचा फळा दिसला तर चकित होऊ नये.

एकांकिकेची स्पर्धा तर घड्याळावरच उभी आहे. प्रयोग चाळीस मिनिटांच्या आत, मांडामांड सात मिनिटांत, आवराआवर सात मिनिटांत. चाळीसच्या पुढे गेलात की बाद, मग अभिनय कितीही उतरलेला असो. नवखे दिग्दर्शक तालमीत साडेअडतीस मिनिटांवर आणून निश्चिंत होतात. पण तालमीला प्रेक्षक नसतात. विनोदी एकांकिका असली की लोक हसतात, नट थांबतात, थांबायलाच हवं, आणि त्या हशांनी दीड मिनिट बघता बघता खाल्लं जातं. गोष्ट चांगली रंगली म्हणूनच संघ बाद होतो. सदतीसच्या आत संहिता कापायची, तीही वाक्यं घाईने म्हणवून न घेता, एखादा अख्खा प्रवेश उडवून. ते करायला जिवावर येतं, म्हणून ते जानेवारीतच उरकावं.

मांडामांडीचं सामान बहुतांशी ठरलेलं असतं: राखाडी रंगाचे चौथरे, पायऱ्या, खांब, दारं, खिडक्या. हरेक शाळेला तेच. त्यामुळे सगळी भिस्त जागांवर. रंगमंचावर या जागांच्या खुणा अर्ध्या इंची कापडी टेपने करतात. अख्खी चौकट आखायची नाही, मागच्या दोन कोपऱ्यांना दोन काटकोन पुरतात. प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग, आणि इथे एक गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात: रंग तालमीच्या पांढऱ्या उजेडात निवडून चालत नाही. निळ्या प्रकाशात लाल टेप काळी दिसते. फरशी काळी असेल तर ती दिसतच नाही, आणि रात्रीच्या प्रवेशात टेबल हातभर डावीकडे मांडलं जातं. टेबल चुकलं की त्याच्यावर रोखलेला दिवा चुकतो, आणि नायिका अर्ध्या चेहऱ्यावर अंधार घेऊन रडते. अंधारात चमकणारी टेपही मिळते, पण अंधार होण्याआधी तिने उजेड प्यायलेला असावा लागतो. विंगेत पडद्याआड लावलेली चमकती टेप ऐन वेळी आंधळी असते.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या माळावरच्या लांब शर्यतीत, ना खुणा लागतात ना रंग. तरी ‘सरकारी शाळा’ ही कल्पना मला तिथेच सर्वांत स्वच्छ दिसते. बहुतेक शाळांत या संघातून कुणाला वगळत नाहीत, येईल त्याने पळावं. पाच किलोमीटर, मुख्य शर्यतीत सात जण, त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, कमी बेरीज जिंकते. एका शाळेचे आले १, ४, ११, २३ आणि ५८: बेरीज ९७. दुसरीचे ९, १२, १४, १७, २१: बेरीज ७३. पहिलीकडे शर्यतीतला विजेता आहे आणि तरी ती चोवीस गुणांनी हरली. हरवलं तिच्याच पाचव्याने, ज्याचं नाव उद्घोषक घेत नाही. कोचचा निम्मा हंगाम त्या पाचव्या मुलामागे जातो, जायला हवा. सहावा-सातवाही वाया नाहीत, ते दुसऱ्या शाळेच्या पाचव्याच्या पुढे येऊन त्याचा क्रमांक ढकलू शकतात.

आता कपाट. जुन्या शाळेच्या कपाटात वरच्या फळ्या बघा: सगळे चषक मुलांचे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला शिक्षणात लिंगावरून भेद करायला बंदी घातली. त्या आधीच्या, म्हणजे १९७१-७२ च्या, शालेय वर्षात देशभरात हायस्कूलच्या खेळांत २ लाख ९४ हजार मुली होत्या. पुढे हा आकडा तीस लाखांच्या वर गेला. चिकटपट्टीकडे बघणारी ती मुलगी या बदलाची वारस, आणि कपाटाच्या खालच्या फळ्यांवर हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

दुसरी गोष्ट मात्र कपाटात दिसत नाही: पैसा. इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या उत्तरेला कार्मेल नावाचं उपनगर आहे. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या मुलींनी पोहण्याची राज्य स्पर्धा १९८७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न सोडता जिंकली, सलग अडतीस वेळा. त्याच शाळेच्या बँडने २०१२, २०१६ आणि २०१७ साली बँड्स ऑफ अमेरिकाची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा जिंकली. थक्क करणारी कामगिरी आहे आणि तिच्यातली मेहनत खोटी नाही. पण पाच हजारांहून जास्त विद्यार्थी, आणि मुलांना लहानपणापासून पोहायला आणि वाजवायला शिकवणं परवडणारी घरं, हाही त्या पाण्याचाच भाग आहे.

अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एजवूड भागातल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, पण सर्वोच्च न्यायालयात १९७३ साली पाच विरुद्ध चार अशा निकालाने ते खटला हरले. निकालपत्रातले १९६७-६८ चे आकडे वाचण्यासारखे आहेत. एजवूडमध्ये दर शंभर डॉलर मालमत्तेवर कर १.०५ डॉलर, अलामो हाइट्स या सधन वस्तीत ०.८५. तरी स्थानिक करातून विद्यार्थ्यामागे एजवूडला मिळाले २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३. राज्याचे आणि केंद्राचे पैसे धरून ३५६ विरुद्ध ५९४. ज्यांनी जास्त दराने कर भरला त्यांच्या पोरांच्या वाट्याला कमी आलं, कारण घरंच स्वस्त होती. टेक्सासने १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांकडून काही रक्कम काढून घेऊन वाटायची सोय केली. पण पालकांच्या बूस्टर क्लबांनी गोळा केलेला पैसा त्या हिशोबाबाहेर राहतो, आणि बँडचा अठरा चाकी ट्रक, जादा शिकवणारे, नव्या गणवेशांचे ढीग पुष्कळदा त्यातूनच येतात. चषकाखालच्या पितळी पट्टीवर साल आणि क्रमांक असतो. जिल्ह्यातल्या घरांची सरासरी किंमतही तिथे कोरली तर कपाट जास्त प्रामाणिक होईल.

रिले त्या मानाने स्वस्त. बॅटन फूटभराची पोकळ नळी, आणि टेपचा रोल उसना.

फक्त तुकडा लावताना त्यावर शाईने शाळेचं आद्याक्षर लिहायचं. मोठ्या स्पर्धेत एकाच लेनमध्ये दिवसभरात अनेक संघ पळतात आणि प्रत्येक जण आपली खूण सोडून जातो. चौथ्या हीटला, म्हणजे त्या फेरीतल्या चौथ्या शर्यतीला, त्या लेनमध्ये पाच-सहा पांढरे तुकडे असतात, आणि मान वळवून बघणाऱ्या मुलीने चुकून दुसऱ्याच शाळेचा धरला की ती तीन बूट आधी सुटते. काही स्टेडियमवर टेपला मनाई असते, तिथे अर्धा कापलेला टेनिस बॉल ठेवतात, पण तो वाऱ्याने किंवा शेजारच्या पायाने हलतो. म्हणून शर्यत संपल्यावर, जिंकल्यावरही, घेणाऱ्या तिघी धापा टाकत परत आपापल्या जागेवर येतात. नखाने टोक उचकटायचं, एका ओढीत तुकडा काढायचा, चुरगळून गोळा करायचा. धावायच्या चड्डीला खिसा नसतो, तेव्हा तो मोज्यात खोचायचा आणि पुढच्या शाळेच्या मुलीला लेन मोकळी करून द्यायची. ती आधीच स्पाइक्स घालून, टाचेला चवडा लावत, मागे मोजत येत असते.